‘घरून काम’ हे कामाचं नाव नाही

ताई, मी मिरजेत राहते. वय ३३, शिक्षण बी.कॉम. पुण्यात ६ वर्षं एका कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये आरोग्य विम्याचे क्लेम तपासायचं काम केलं. २०२१ मध्ये मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडली आणि आम्ही सासरी मिरजेला आलो. मुलगी आता ज्युनियर केजीत जाते. गेल्या श्रावणात इन्स्टाग्रामवरची जाहिरात बघून फॉर्म भरायचं ‘घरबसल्या काम’ घेतलं. ५ दिवसांत ५०० फॉर्म, ९० टक्के अचूक आले तर १८ हजार रुपये. आधार, पॅन, फोटो आणि सही घेऊन त्यांनी करारपत्र पाठवलं. मी रात्री जागून सगळे फॉर्म भरले. मग म्हणाले, अचूकता ८३ टक्के, तुम्ही नापास, करारानुसार ५,९०० रुपये दंड भरा. व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाची नोटीस आली : कलम ४२०, अटक, सिबिल खराब करू. घाबरून भिशीच्या पैशांतून ५,९०० भरले. आता आणखी १२ हजार मागतात. मिस्टरांना यातलं काही माहीत नाही. फोन वाजला की पोटात गोळा येतो. हे लोक खरंच पोलीस आणतील का? आणि घरून करता येईल असं खरं काम असतं, की सगळी फसवाफसवीच? माझ्या जुन्या टीम लीडर मॅडमचा नंबर अजून फोनमध्ये आहे, पण चार वर्षांनी कोणत्या तोंडानं फोन करू?

– एक वाचक, मिरज

*

पोलीस येणार नाहीत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल.

मी २२ वर्षं कंपन्यांसाठी माणसं निवडायचं काम केलं. या सदराकडे तुमच्यासारखी पत्रं येऊ लागल्यापासून हा प्रकार मला पाठ झाला आहे. क्रम नेहमी तोच. भरायला दिलेले फॉर्म मुद्दाम पुसट स्कॅन केलेले असतात. शेवटच्या रात्री त्यांची वेबसाइट रखडते, कधी बंदच पडते. अचूकता मोजणारे तेच, अहवाल देणारे तेच, आणि ‘कुठे चुकलं ते दाखवा’ म्हटलं की उत्तर येत नाही. कारण ते फॉर्म कुणाला नकोच असतात. तुमच्याकडून त्यांना हवी होती ती सही आणि त्यानंतरची भीती. तुम्ही ८३ टक्के आणलेत काय किंवा ९९ आणले असतेत काय, निकाल हाच लागला असता. तेव्हा ‘माझ्या चुकांमुळे पैसे गेले’ असं कुठे मनात सलत असेल तर ते आजच काढून टाका. क्लेममधली एका आकड्याची गफलत पकडायची सवय असलेली बाई तुम्ही, ५०० फॉर्म तुम्ही नीटच भरले असणार.

आता ती नोटीस पुन्हा उघडा. तिच्यात कलम ४२० आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. तुमचा करार त्यानंतरचा. त्याला जुन्या कायद्याचं कलम लावणारा माणूस बहुधा वकीलच नाही, नाही तर कुठला तरी जुना मसुदा नाव बदलून शेकडो जणांना पाठवणारा आहे.

काम ठरल्याप्रमाणे झालं नाही, हा दिवाणी मामला आहे. त्यासाठी कुणी बेड्या घालत नाही. ज्याला भरपाई हवी त्यानं न्यायालयात दावा लावायचा असतो. तिथेही करारात लिहिलेला दंड डोळे मिटून मंजूर होत नाही. १८७२ च्या करार कायद्यातल्या ७४ व्या कलमाप्रमाणे न्यायालय वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं. दावा खरंच लागला असेल तर त्याला नंबर असतो, आणि ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तो नंबर किंवा तुमचं नाव टाकून शोधता येतं. शोधून बघा, म्हणजे मन निवांत होईल. सिबिलची धमकी तर अगदीच पोकळ. सिबिल म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणारी संस्था. तिच्याकडे माहिती जाते ती बँकांकडून आणि कर्ज देणाऱ्या संस्थांकडून. तुम्ही त्यांच्याकडून कर्ज घेतलेलं नाही.

त्या १२ हजारांतला एक रुपयाही देऊ नका. ज्यानं एकदा दिले त्याच्याकडेच पुन्हा मागतात, हे तुम्ही अनुभवलंच आहे. त्यांच्याशी वाद घालू नका, विनवण्याही करू नका, आणि रागाच्या भरात चॅट पुसू नका. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा : जाहिरात, चॅट, करारपत्र, नोटीस, ज्या नंबरांवरून फोन आले ते नंबर, आणि ५,९०० रुपये गेले त्या व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेचा संदर्भ क्रमांक. हे एका फोल्डरमध्ये ठेवून मगच नंबर ब्लॉक करा. मग १९३० या हेल्पलाइनला फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा. पैसे परत मिळतील का, याचं खरं उत्तर देते. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. इतक्या महिन्यांनी ती आशा फारच थोडी. तरीही तक्रार कराच. तुमचं आधार, पॅन आणि सही त्यांच्याकडे आहे. उद्या त्यांचा कुठे गैरवापर झाला तर ‘मी हे आधीच कळवलं होतं’ असं दाखवायला तो तक्रार क्रमांक लागेल.

त्याच दिवशी आणखी थोडी साफसफाई करून घ्या. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते दिसतं. अनोळखी असेल तर तिथेच कळवता येतं. आधारच्या अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करा. सिबिलचा सविस्तर अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो; तो काढून आपण न घेतलेलं कर्ज त्यात नाही ना, एवढं पाहा.

एवढं करूनही वकिलाशी बोलावंसं वाटलं, किंवा उद्या खरोखर रजिस्टर पोस्टानं काही कागद आला, तर सांगलीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रियांना त्यांचं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हा तुमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. त्यांचा फोन क्रमांक १५१००.

मिस्टरांना सांगा. आज रात्री सांगा. ही माणसं तुमच्याकडून पैसे काढू शकली ती तुम्ही एकट्या होतात म्हणून. ‘घरी कळेल’ ही भीती अटकेच्या भीतीपेक्षा मोठी असते आणि त्यांना ते पक्कं ठाऊक असतं. पुढच्या फोनवर ते ‘तुमच्या मिस्टरांनाच फोन लावतो’ असं म्हणतील. त्याआधी तुम्हीच सांगितलंत की त्यांच्या हातात काही उरत नाही. सांगताना रडत, माफी मागत सुरुवात करू नका. तक्रार आधी भरा आणि मग सांगा, ‘माझी ५,९०० ची फसवणूक झाली, मी तक्रार केली आहे, हा तिचा क्रमांक. आता फोन आला तर उचलायचा नाही.’ ते चिडतील कदाचित. भिशीचे पैसे गेले याचं वाईट वाटणारच. पण तुम्ही सहा महिने एकटीनं जे सोसलंत ते कळल्यावर कुठल्याही बऱ्या नवऱ्याचा राग फार वेळ टिकणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. घरून करता येईल असं खरं काम असतं. पण ते ‘घरून काम’ या नावानं शोधलं की सापडत नाही, कारण ते कामाचं नावच नाही. ती जागा झाली. सुतार ‘कारखान्यात काम’ शोधत नाही, सुतारकाम शोधतो. मग ते कारखान्यात मिळो नाही तर कुणाच्या अंगणात. तुम्ही इन्स्टाग्रामवर ‘वर्क फ्रॉम होम’ शोधलंत, आणि जिथे माणसं फक्त जागा शोधतात तिथे जाळी लावून बसलेल्यांशी तुमची गाठ पडली. फॉर्म भरणं, व्हिडिओ लाइक करणं, हॉटेलांना रेटिंग देणं, पेन्सिली पॅक करणं : या सगळ्या जाहिरातींत कौशल्य कुणालाच लागत नाही आणि पगार मात्र भरघोस असतो. ज्या कामाला काहीच येण्याची गरज नाही, त्याचे कुणी ५ दिवसांना १८ हजार देत नाही.

आणि तुम्हाला तर येतं! पत्रात तुम्ही ती ६ वर्षं एका ओळीत उरकलीत. मी तिथेच थांबले. डिस्चार्ज समरी वाचून बिल तिच्याशी जुळतं का बघणं, कुठला कागद राहिलाय ते ओळखणं, क्वेरी (कागदांबद्दलची विचारणा) काढणं, पॉलिसीत बसतं की नाही ते सांगणं. मिरजेत बसून तुम्ही ‘मला काही काम मिळेल का’ असं विचारताय. मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. सांगली-कोल्हापूरकडून, सीमेपलीकडून कर्नाटकातून माणसं उपचाराला तिथे येतात. त्या प्रत्येक दवाखान्यात कॅशलेसचं, म्हणजे बिल थेट विमा कंपनीकडून भागवून घ्यायचं, टेबल असतं आणि त्या टेबलावर कागद अडलेले असतात.

तुम्ही नोकरी सोडल्यानंतर या कामात जे बदललं ते आधी वाचून घ्या. विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, २०२४ मध्ये आरोग्य विम्याचे नियम बरेच बदलले. कॅशलेसची विनंती आली की विमा कंपनीनं १ तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३ वर्षांवर आला. सलग ५ वर्षं पॉलिसी चालवली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘तुम्ही माहिती लपवली’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. तुमच्या काळात हीच मुदत ८ वर्षांची होती. शिवाय महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत गेलं आहे, तिचे क्लेम वेगळ्या पोर्टलवरून जातात आणि त्यांचा कागदांचा आग्रह वेगळा असतो. चार संध्याकाळी बसलात तर हे सगळं तुमच्या ओळखीचं होईल. मुलाखतीत याबद्दल स्वतःहून बोललात की चार वर्षांचा खंड समोरच्याच्या मनातून निम्मा पुसला जातो.

त्या एक तास-तीन तासांच्या नियमाचा दवाखान्यांवर काय परिणाम झाला, इकडे लक्ष द्या. विमा कंपनीला घाई झाली, म्हणजे दवाखान्यालाही अर्धवट कागद पाठवून चालत नाही. एक कागद कमी पडला की क्वेरी येते, डिस्चार्ज झालेला पेशंट आणि त्याचे नातेवाईक संध्याकाळपर्यंत बिलाच्या खिडकीशी ताटकळतात आणि डॉक्टर रिसेप्शनिस्टवर ओरडतात. मोठ्या हॉस्पिटलांत यासाठी माणसं असतात. वीस-तीस खाटांच्या दवाखान्यात हे काम बहुतेकदा फार्मसीतला मुलगा किंवा रिसेप्शनिस्ट सांभाळते आणि विमा कंपनीच्या टेबलावर बसलेला माणूस फाइल कशी बघतो हे त्यांना ठाऊक नसतं. तुम्ही ६ वर्षं त्याच टेबलावर बसला होतात.

म्हणून माझा सल्ला : पहिली पायरी घराबाहेरची ठेवा. रिक्षानं जाता येतील असे चार-पाच छोटे दवाखाने निवडा, ओपीडी संपायच्या वेळेला जा आणि डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘गेल्या सहा महिन्यांत तुमचे किती क्लेम नाकारले किंवा कापले गेले? त्यातल्या दोन फाइली मला बघायला द्या.’ आधी नोकरी मागू नका. फाइल बघून काय राहिलं होतं ते सांगा. जो डॉक्टर तुमचं दहा मिनिटं ऐकून घेईल तो पुढे काम देईल. महिनाभर रोज दोन तास त्यांच्याकडे जाऊन बसा. मग एकदा विश्वास बसला की ‘फाइल अपलोड झाल्यावरची छाननी मी घरून करते’ हे आपोआप ठरतं. घरून मिळणारी बरीच खरी कामं अशीच, आधी समोर बसून मिळवलेल्या विश्वासावर मिळतात. कानडी समजत असेल तर तेही सांगा, मिरजेत त्याला किंमत आहे. फक्त पेशंटचे कागद स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊ नका. दवाखान्याच्या लॉगिनमधून, त्यांनी दिलेल्या ई-मेलवरूनच काम करा आणि हे पहिल्याच दिवशी त्यांना सांगा. माणसाचं दुखणं त्या कागदांत असतं, ते आपल्या फोनमध्ये पडून राहता कामा नये.

दुसरी वाट कंपन्यांची. विमा कंपन्या, टीपीए (विमा कंपन्यांच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्था) आणि त्यांचं काम करणाऱ्या बॅक ऑफिस कंपन्यांत घरून किंवा आठवड्यातले काही दिवस घरून अशा जागा निघतात. नोकरीच्या पोर्टलवर शोधताना ‘क्लेम प्रोसेसिंग’, ‘प्री-ऑथ’ (उपचाराआधी घ्यायची मंजुरी), ‘कॅशलेस डेस्क’, ‘प्रोव्हायडर नेटवर्क’, ‘मेडिकल बिलिंग’ हे शब्द टाका आणि मग ठिकाणाच्या रकान्यात ‘रिमोट’ निवडा. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आणि राज्याचं महास्वयम, दोन्हींवर नोंदणी फुकट आहे; करून ठेवा, पण त्यांच्याच भरवशावर राहू नका. वैद्यकीय मत देण्याच्या जागांवर बीएएमएस, बीएचएमएस झालेले डॉक्टर घेतात, तिथे अर्ज करून वेळ घालवू नका. कागदपत्रांची छाननी, बिल तपासणी, क्वेरी सांभाळणं या तुमच्या जागा. मेडिकल कोडिंगचे, म्हणजे आजार आणि उपचारांना ठरलेले कोड लावायला शिकवणारे, क्लास तुम्हाला गाठतीलच. ते काम खरं आहे, त्याला मागणीही आहे, पण ‘नोकरीची हमी’ म्हणून आधी मोठी फी मागणाऱ्याकडे जाऊ नका. आधी काम सुरू होऊ दे, मग कोडिंग शिकायचं की नाही ते ठरवा.

जागा खरी की खोटी, हे ओळखायला मी एक गोष्ट बघते : ते मला काय विचारतात. खऱ्या कंपनीला भीती असते की तुम्हाला काम जमणार नाही. म्हणून ती प्रश्न विचारते, चाचणी घेते, जुन्या कंपनीत फोन करते, तुम्हाला दोन आठवडे ताटकळत ठेवते. खोट्या कंपनीला तुमच्या कामाशी देणंघेणं नसतं. पहिल्या दहा मिनिटांत ‘अभिनंदन’ येतं, आधार मागितलं जातं आणि संध्याकाळपर्यंत सही करायची घाई असते. नोंदणी फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे, करारपत्राच्या स्टँपचे पैसे, काहीही नाव दिलं तरी नोकरी देणारा पैसे मागत नाही. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून ती नोंदलेली आहे का हे फुकट पाहता येतं. मात्र भामटे नोंदलेल्या खऱ्या कंपनीचंच नाव वापरतात, म्हणून त्यापुढे जाऊन कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा फोन लावा आणि ‘ही जागा खरंच आहे का’ असं विचारा. आणि कुणी ‘तुमच्या खात्यात आमच्या ग्राहकांचे पैसे येतील, कमिशन ठेवून पुढे पाठवा’ असं काम देऊ केलं तर लगेच फोन ठेवा. ते चोरीचे पैसे असतात. तिथे मात्र पोलीस खरंच येतात, आणि ज्याचं खातं आहे त्याच्याच दारात येतात.

खंडाबद्दल एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका बाईंची फोनवर मुलाखत घेत होते. माझ्याकडे २० मिनिटं होती. ‘मधल्या काळात काय करत होता?’ असं मी सहज विचारलं आणि त्या बोलू लागल्या : मुलाचं आजारपण, सासऱ्यांचं दुखणं, आपण किती वेळा परत यायचा प्रयत्न केला, आपलं कसं चुकलं. मला मध्येच थांबवणं जिवावर आलं. त्यांचं सांगून झालं तेव्हा १४ मिनिटं संपली होती आणि त्यांना काय येतं हे विचारायला वेळच उरला नव्हता. त्यांची निवड झाली नाही, आणि मला अजून वाटतं की त्या चांगल्या असणार. तुम्ही दोन वाक्यं तयार ठेवा. ‘२०२१ ते आतापर्यंत मुलीसाठी घरी होते. आता ती शाळेत जाते आणि मी रोज इतके तास देऊ शकते.’ पुढचं वाक्य कामाचं. बायोडेटातही तेच एका ओळीत लिहा, तारखा लपवू नका. जुन्या कंपनीची पीएफची नोंद तुमच्या यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) महिन्यानिशी दिसते. खोटी तारीख पहिल्याच तपासणीत उघडी पडते.

पीएफचा विषय निघालाच आहे तर : ती रक्कम काढली नसेल तर काढू नका. यूएएन चालू आहे का, आधार जोडलंय का ते बघा. पेन्शनसाठी १० वर्षांची नोकरी लागते, तुमची ६ झाली आहेत. नवी कंपनी पगारावर घेणार असेल तर तोच यूएएन द्या, म्हणजे पुढची वर्षं त्यातच जमा होतील. पगाराऐवजी कंत्राटावर घेत असतील तर पीएफ नाही, मातृत्व रजा नाही, कंपनीचा आरोग्य विमाही नाही. कंत्राटाच्या आकड्याची पगाराच्या आकड्याशी तुलना करताना हे सगळं त्यातून वजा करून बघा. दवाखान्यांचं काम सुटं असेल, तिथे महिन्याला किंवा फाइलमागे किती हे कागदावर घ्या, एका साध्या ई-मेलनंही चालतं. जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या वर गेल्याशिवाय लागत नाही. कुणी टीडीएस कापला तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. बाकीचं सीए सांगेल.

आता घरातलं. इथे मला थोडं कडक बोलायचं आहे. मूल सांभाळत सांभाळत काम होतं, असं जाहिरातीतल्या लॅपटॉपवाल्या, मांडीवर बाळ घेतलेल्या बाईचा फोटो सांगतो. ते खोटं आहे. क्लेमची फाइल उघडी असताना चार वर्षांची मुलगी शेजारी बसू शकत नाही. फाइलही बिघडते, मुलगीही रडते आणि संध्याकाळी तुम्हीच स्वतःला दोष देत बसता. एक तासाच्या मुदतीचं काम भाजी चिरता चिरता होत नाही. म्हणून काम घ्यायच्या आधी तास ठरवा. केजीचे तीन तास तुमचे. त्याशिवाय आणखी दोन-तीन तास लागणार असतील तर मुलीला त्या वेळात कोण बघणार, हे मिस्टर आणि सासूबाई यांच्याबरोबर बसून नावानिशी ठरवा. सासूबाईंची दुपारची झोप त्यांच्या हक्काची आहे, ती गृहीत धरू नका. शेजारच्या काकूंना पैसे देऊन तीन तास मुलगी ठेवता आली तर मोकळेपणानं द्या. तो खर्च चैनीचा नाही, पुण्यात नोकरी होती तेव्हा बसच्या पासचे पैसे जायचेच की. आणि कमी तासांचं काम घ्यायला लाजू नका. चार तास नीट दिलेत तर दवाखान्याचा डॉक्टर तुम्हाला आठ तासांच्या माणसापेक्षा जास्त जपेल.

दार बंद होईल अशी खोली नसेल तर भिंतीकडे तोंड करून टेबल लावा आणि कानाला हेडफोन. हेडफोन कानात आहे तोवर आई घरी नाही, हे मुलं आठवड्याभरात शिकतात. मोठ्या माणसांना थोडा जास्त वेळ लागतो. ‘घरीच तर आहेस’ म्हणून येणारी कामं, म्हणजे गॅसवाला, कुरिअर, नणंदेचा फोन, यांना रागावून नाही, वेळ सांगून उत्तर द्या : साडेबाराला करते.

विजेचं बघा. महावितरणची देखभाल असते त्या दिवशी तुमच्या भागात वीज कधी जाते हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्या दिवशी काय करणार हे काम देणाऱ्याला आधीच सांगितलंत तर तो तुम्हाला अधिक पक्कं माणूस समजेल. लॅपटॉपला बॅटरी असते, पण वीज गेली की राउटर बंद पडतो आणि आपण अडकतो. राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. फोनमध्ये ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम ठेवा, म्हणजे एक बंद पडलं तरी दुसरं चालेल. नवा लॅपटॉप मात्र पहिल्या महिन्याच्या पैशांआधी घेऊ नका.

राहिला जुन्या मॅडमचा फोन. ‘कोणत्या तोंडानं’ असं तुम्ही लिहिलंय. माझ्या त्या २२ वर्षांत मी निवडलेल्या माणसांत ओळखीतून आलेली खूप होती, आणि त्यांना सुचवणाऱ्यांना कधी त्याचं ओझं वाटलेलं मी पाहिलं नाही. टीम लीडरला चांगलं माणूस शोधायला महिने जातात. तुमचं काम त्यांनी ६ वर्षं पाहिलं आहे, शिकवायलाही नको. त्यांच्याकडे नोकरी मागू नका. ‘मी परत काम सुरू करतेय, २०२४ चे नवे नियम वाचून झालेत, रोज चार तास देऊ शकते, तुमच्या ओळखीत कुणाला गरज असेल तर माझं नाव सांगाल का?’ एवढंच म्हणा. आधी दोन ओळींचा मेसेज पाठवा, मग फोन करा. सकाळी नको, त्या वेळी प्री-ऑथची गर्दी असते, हे मी तुम्हाला काय सांगायचं. चारनंतर करा.